१२ इंची मॅकबुकच्या जागी मोठा लॅपटॉप: १३.६ की १५.३?

खिडकीजवळ
२०१७ चा १२ इंची मॅकबुक बदलायची वेळ आली आहे. वजन ९२० ग्रॅम, पंखा नाही, आवाज नाही, एका हातात यंत्र धरून दुसऱ्या हाताने दार उघडता येतं. जीव जडावा असंच यंत्र. पण ८ जीबी मेमरी बोर्डावरच पक्की जोडलेली, स्टोरेजही तसंच, आणि मॅकओएस व्हेन्चुरा या जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. ॲपलने हे मॉडेल २०१९ मध्ये बंद केलं.

आता समोर आहेत १३.६ इंची मॅकबुक एअर (१.२४ किलो) आणि १५.३ इंची एअर (१.५१ किलो). काम म्हणजे मराठी लेखन-संपादन, मोठे तक्ते, थोडे फोटो, थोडं टर्मिनल (आज्ञा टंकून काम करण्याची खिडकी). रोज पाठीवरच्या पिशवीतून नेआण.

मोठ्या स्क्रीनवर मजकूर खरंच किती जास्त मावतो? वाढीव वजन रोज जाणवतं का? आणि जुन्यातलं सगळं नव्यात आणताना काय हुकतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मोजपट्टी
इंच विसरा. तो स्क्रीनचा कर्ण आहे, पिशवीला त्याचं काही देणंघेणं नाही. पिशवीला लागते रुंदी आणि खोली.

१२ इंची मॅकबुक: २८.०५ × १९.६५ सें.मी.
१३.६ एअर: ३०.४१ × २१.५ सें.मी.
१५.३ एअर: ३४.०४ × २३.७६ सें.मी.

म्हणजे १३.६ मध्ये रुंदी साधारण अडीच सें.मी. आणि खोली दोन सें.मी.ला थोडी कमी वाढते. १५.३ मध्ये तीच वाढ सहा आणि चार सें.मी. जाडीत मात्र उलट. जुनं यंत्र पुढे ३.५ मि.मी. आणि मागे १३.१ मि.मी. असं निमुळतं आहे. १३.६ एअर सगळीकडे ११.३ मि.मी. हातात घेताना निमुळती कड बोटांत सहज शिरते, सपाट कड शिरत नाही, म्हणून नवं यंत्र आकड्यांपेक्षा जाड वाटतं. दोन दिवसांत सवय होते.

विकत घेण्याआधी जाड पुठ्ठ्याचे या दोन मापांचे तुकडे कापा. १३.६ साठी जुन्या लॅपटॉपसोबत ३०० मि.ली. पाण्याची बाटली ठेवा, १५.३ साठी ६०० मि.ली. वजनातला फरक अनुक्रमे ३२० आणि ५९० ग्रॅम आहे, त्यामुळे अंदाज जवळपास बरोबर येतो. पुठ्ठा आणि बाटली घेऊन आठवडाभर नेहमीची पिशवी वागवा. पिशवीची चेन लावताना पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला तर तिथेच उत्तर मिळालं.

दोनओळी
+१. शोरूममध्ये यंत्र केबलने बांधलेलं आणि टेबल उंच, तिथे ना वजन कळतं ना मांडीवरची खोली. पुठ्ठा खरं सांगतो.

अर्धविराम
स्क्रीनबद्दल. तिन्ही पडद्यांची घनता जवळपास सारखी आहे: १२ इंचीची २२६ पिक्सेल प्रति इंच, दोन्ही एअरची २२४. म्हणून अक्षरं जास्त धारदार दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. फरक पडतो जागेत.

१२ इंची मूळ सेटिंगवर १२८० × ८०० इतकी जागा दाखवतो. १३.६ दाखवतो १४७० × ९५६ आणि १५.३ दाखवतो १७१० × ११०७. अक्षराचा आकार पडद्याच्या रुंदीशी ताडून पाहिला तर १३.६ वर मूळ सेटिंगमध्ये अक्षर जेमतेम अडीच टक्के लहान दिसतं, म्हणजे डोळ्यांना तेच. आणि तेवढ्यात रुंदीला १५ टक्के व उंचीला १९ टक्के जागा वाढते. उंचीतली थोडी जागा वरच्या कॅमेऱ्याच्या खाचेशेजारची मेनूपट्टी घेते, पण उरलेली लेखनाला थेट मिळते. १५.३ वर अक्षर पाचेक टक्के लहान होतं आणि जागा रुंदीत तेहतीस टक्क्यांनी वाढते.

संपादन करणाऱ्याला उंचीतली वाढ मोलाची. परिच्छेद न सरकवता पूर्ण दिसला की वाक्याचा तोल सांभाळता येतो.

गजबज
मग सरळ १५.३ घ्या की. बदलायचंच आहे तर पुन्हा लहान कशाला? दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावल्या तर १३.६ वर प्रत्येकीला ७३५ मिळतात, १५.३ वर ८५५. मूळ मजकूर आणि सुधारित मजकूर समोरासमोर ठेवणाऱ्याला हा फरक रोज दिसतो. मोठ्या तक्त्यात तर तीन-चार स्तंभ जास्त. बॅटरीही ६६.५ वॉट-अवर आहे, १३.६ ची ५३.८ (ॲपलच्या एम४ चिपच्या पिढीत).

मोजपट्टी
@गजबज, दोन खिडक्यांचा मुद्दा मान्य. बॅटरीचा नाही. ॲपल दोन्ही एअरना व्हिडिओसाठी १८ तास असाच आकडा देते. जास्तीची बॅटरी मोठा पडदा उजळण्यात जाते. वजन वाढतं, तास वाढत नाहीत.

आणि कीबोर्ड. मोठ्या यंत्रात कळा मोठ्या असतील असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १२ इंचीवरही पूर्ण मापाच्या कळा होत्या, १५.३ वरही त्याच मापाच्या आहेत. १५.३ मध्ये आकड्यांचा वेगळा कळसंच नाही, आणि ते बरंच आहे. तो असला की टायपिंगची मधली जागा डावीकडे सरकते आणि मान पडद्याच्या मध्यापासून तिरकी राहते. जास्तीची रुंदी जाते स्पीकरना (सहा, १३.६ मध्ये चार) आणि मोकळ्या कडांना.

कीबोर्डात खरा बदल आहे तो कळ दाबली जाण्याच्या खोलीत. जुन्या फुलपाखरी यंत्रणेत कळ अर्धा मिलिमीटरच आत जायची, नव्यात साधारण एक मिलिमीटर. पहिले तीन-चार दिवस कळा खोल वाटतील आणि वेग पडेल, मग पूर्ववत.

सुतारपक्षी
वेगळं मत मांडतो. यंत्र इतकं आवडतं तर आधी बॅटरी बदलून बघा. ऑप्शन कळ दाबून ॲपल मेन्यूतून सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, पॉवर विभागात सायकल काउंट दिसेल. या मॉडेलची बॅटरी १००० सायकलसाठी धरलेली आहे. ८०० च्या वर असेल आणि दुपारपर्यंत दम सुटत असेल तर दोष बॅटरीचा, यंत्राचा नाही.

अधोरेखित
@सुतारपक्षी, बॅटरीने तास परत मिळतात, बाकी काही नाही. ८ जीबी मेमरी वाढत नाही, आणि व्हेन्चुरावर अडकलेलं यंत्र रोज इंटरनेटला जोडून महत्त्वाची कामं करणं सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही. शिवाय यातली बॅटरी पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराची आहे आणि खालच्या धातूच्या झाकणाला चिकटवलेली. काढताना पातळ पत्र्याने खरवडलं आणि बॅटरीचा पाऊच टोचला की आग. हे काम घरी नको.

बदलायचं असो वा नसो, एक तपासणी आजच करा. यंत्र बंद करून सपाट काचेवर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून दाबा. डुलत असेल, किंवा ट्रॅकपॅड एका बाजूला कडक झाला असेल, खालच्या झाकणाची फट एका बाजूला रुंद दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबून बसवू नका, पिशवीत घालू नका. डेटा काढण्यासाठी एकदा चालवणं अटळ असेल तर कडक पृष्ठभागावर, समोर बसून.

सुतारपक्षी
व्हेन्चुराचा मुद्दा पटला. बॅटरीचा पर्याय मागे घेतो, पण यंत्र जपून ठेवायचं असेल तर तेव्हा विचार करावा.

पाऊलवाट
मॅकच हवा अशी अट नसेल तर मोठा पडदा आणि कमी वजन एकत्र मिळतं. एलजी ग्राम १६ चं वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे १६ इंची असून १३.६ एअरपेक्षा हलकं, आणि बॅटरी साधारण ८० वॉट-अवर. फक्त रुंदी साधारण साडेपस्तीस सें.मी. होते आणि झाकण पिरगळलं तर लवतं. लहानच हवं तर थिंकपॅड एक्स१ नॅनो होता, १३ इंची, पहिल्या पिढीत ९०७ ग्रॅमपासून.

मात्र विंडोजच्या पातळ यंत्रांत झोपेची एक गोष्ट समजून घ्या. आताच्या बहुतेक यंत्रांत जुनी एस३ झोप (जवळपास पूर्ण बंद होणारी) नसते, त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय असतो. झाकण मिटलं तरी यंत्र मधूनमधून जागं होऊन जोडणी तपासत राहतं. पिशवीत हवा खेळत नाही, यंत्र तापतं आणि संध्याकाळी बॅटरी अर्धी. उपाय सोपा: पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट निवडा. जागं व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण पिशवीत ते खरोखर बंद असतं.

खिडकीजवळ
मनापासून धन्यवाद. मॅकच हवा, कारण फॉन्ट, कळफलक आणि छोट्या स्क्रिप्ट सगळ्या तिथल्या आहेत. @अधोरेखित, काचेवर ठेवून पाहिलं, डुलत नाही. पुठ्ठे कापले आहेत.

आता डेटाचं सांगा. जुन्याला एकच यूएसबी-सी पोर्ट आहे, चार्जर आणि बाहेरची डिस्क एकाच वेळी लागत नाहीत.

दप्तर
हस्तांतराचा खात्रीचा मार्ग: बाहेरच्या एसएसडीवर टाइम मशीनचा (मॅकचं बॅकअप साधन) पूर्ण बॅकअप, आणि नव्यावर मायग्रेशन असिस्टंटने (मॅकचं डेटा हलवण्याचं साधन) तिथून उचलणं. वायफायवरून थेट करता येतं, पण मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

डिस्क जुन्या स्टोरेजच्या दुप्पट घ्या. २५६ जीबीला ५१२ जीबी. एका पोर्टासाठी असा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) हवा ज्यातून चार्जरचा वीजप्रवाह आत जातो. आधी हबला चार्जर लावा, मग हब मॅकला, आणि शेवटी डिस्क हबला. हा क्रम पाळा. डिस्क चालू असताना चार्जर नंतर लावला तर अनेक हब क्षणभर वीज तोडून नवी वाटाघाट करतात, डिस्क निखळते आणि बॅकअप अर्धवट राहतो.

केबल बघून घ्या. मॅकबुकसोबत आलेली पांढरी चार्जिंग केबल डेटासाठी यूएसबी २ च्याच वेगाने चालते, ४८० मेगाबिट. मॅकबुकचं पोर्ट ५ गिगाबिटचं आहे. एसएसडीसोबत आलेली आखूड केबल वापरा. चुकीच्या केबलमुळे तासाभराचं काम रात्रभर चालतं आणि लोक डिस्कला दोष देतात.

बॅकअपआधी फोटोंची सेटिंग तपासा. आयक्लाउड फोटोमध्ये जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर मूळ फोटो यंत्रावर नसतातच, फक्त लहान प्रती असतात. बॅकअपमध्येही लहान प्रतीच जातात. मूळ प्रती हव्या असतील तर आधी त्या उतरवून घ्या, नाहीतर त्या फक्त आयक्लाउडवर आहेत हे लक्षात ठेवा.

दोनओळी
आणि बॅकअप झाल्यावर त्यातून दोन-तीन फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप म्हणून धरू नये.

तिरकी_रेघ
टर्मिनलचा उल्लेख आहे म्हणून लिहितोय, कारण इथे हमखास फसतं. जुन्या इंटेल मॅकवर होमब्रू (टर्मिनलमधून प्रोग्रॅम बसवण्याचं साधन) /usr/local या फोल्डरमध्ये असतं. ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर त्याची जागा /opt/homebrew. मायग्रेशन असिस्टंट जुनं फोल्डर जसंच्या तसं उचलून आणतो. आज्ञा चालतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात इंटेलसाठी बनलेले प्रोग्रॅम रोझेटामधून (ते एम चिपवर चालवणारा ॲपलचा दुभाषा) चालत असतात. नवं पॅकेज बसवताना दोन्ही जागांची सरमिसळ होते आणि चुका कळेनाशा होतात.

जुन्या यंत्रावर ब्रू बंडल डंप (brew bundle dump) ही आज्ञा चालवा, सगळ्या पॅकेजांची यादी एका फाइलमध्ये मिळते. नव्यावर होमब्रू कोरं बसवा आणि त्या यादीवरून पॅकेजं पुन्हा घ्या. स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता थेट लिहिला असेल तर शोधून बदला. पायथनची आभासी वातावरणं हलवू नका, नव्याने बनवा.

अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये प्रकार असा स्तंभ आहे. तिथे इंटेल दिसणारे प्रोग्रॅम एकेक करून नव्या आवृत्तीत आणा. ॲपलने रोझेटाची सर्वसाधारण सोय मॅकओएस २७ पर्यंतच ठेवणार असं सांगितलं आहे. आणि बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवण्याची सोय) एम चिपवर नाहीच, इंटेलचं विंडोज असलेलं आभासी यंत्रही तिथे वेगाने चालत नाही.

अक्षरजुळणी
फॉन्टबद्दल, कारण लेखन मराठी आहे.

तुमच्या युजरखालच्या लायब्ररीतले फॉन्ट मायग्रेशनमध्ये येतात. नंतर फॉन्ट बुक उघडून दुहेरी फॉन्ट तपासा. एकाच देवनागरी फॉन्टच्या दोन आवृत्त्या असल्या की जोडाक्षरं वेगळी पडतात, ‘ऱ्य’ मधला अर्धा र एका फाइलमध्ये नीट आणि दुसऱ्यात रफार होऊन बसतो. नवी आवृत्ती ठेवा, जुनी बंद करा.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फाइल असतील तर त्या नव्यावर नेण्याआधी युनिकोडमध्ये बदला. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन खुणा साठवलेल्या असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की ओळी अगम्य होतात. रूपांतरात ‘श्र’, ‘क्ष’, रफार आणि ऱ्हस्व इकार हटकून चुकतात, म्हणून ते चार शोधून डोळ्यांखालून घाला. जुनं यंत्र हाताशी असेपर्यंत शेजारी ठेवून ताडता येतं, हे त्याचं शेवटचं मोठं काम.

कळफलकाची निवड आणि स्पेलिंगचा स्वतः शिकवलेला शब्दसाठा पहिल्या दिवशीच तपासा. शब्दसाठा नाही आला तर हजारो शब्दांखाली पुन्हा लाल रेघा.

गजबज
@अक्षरजुळणी, ‘ऱ्य’ वाला मुद्दा सोन्यासारखा. हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही.

अवांतर: मॉनिटर घेतला तर कसं? घरी मोठा पडदा, बाहेर १३.६. मग माझं १५.३ चं म्हणणं निम्मं गळून पडतं हे कबूल.

अर्धविराम
हेच लिहायला आलो होतो. दोन खिडक्यांचं काम बहुतेक टेबलावरच होतं, पिशवी मात्र रोज उचलावी लागते.

पण मॉनिटर घनता बघून घ्या. मॅकओएस मोहावेपासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी उपपिक्सेल पद्धत बंद झाली. त्यामुळे २४ इंची १९२० × १०८० पडद्यावर, म्हणजे ९२ पिक्सेल प्रति इंच, अक्षरं मऊ आणि पुसट दिसतात. इंग्रजीत चालून जातं. मराठीत अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, ‘ट्ट’ आणि ‘ट्ठ’ ओळखायला वाकावं लागतं. २७ इंची ४के घ्या, १६३ पिक्सेल प्रति इंच, आणि सेटिंग २५६० × १४४० ठेवा.

दोन मॉनिटर हवे असतील तर एम२ एअर एकच बाहेरचा पडदा घेतो, एम३ झाकण मिटून दोन, एम४ झाकण उघडं ठेवूनही दोन.

बिनपंखी
आवाजाची काळजी नको, दोन्ही एअरमध्ये पंखा नाही. जुन्यातली चिप ४.५ वॉटची होती आणि तापली की लगेच मंदावायची. एअरही सलग जड कामात मंदावतो, फक्त तिथे पोहोचायला खूप जास्त वेळ लागतो. लेखन, तक्ते, थोडे फोटो यात तो टप्पा येत नाही. मेमरी १६ जीबी घ्या, नंतर वाढवता येत नाही.

चार्जर: जुना २९ किंवा ३० वॉटचा १३.६ ला चालतो, रात्रभराला पुरेसा. घाईने भरायचं तर ६७ वॉट किंवा जास्त, आणि तिथे केबल आडवी येते. साधी यूएसबी-सी केबल २० व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे ६० वॉटलाच थांबते. पुढे जायला ५ अँपिअरची खूण-चिप असलेली केबल लागते. सोबत येणारी मॅगसेफ (चुंबकाने जोडली जाणारी) केबल वापरली तर हा प्रश्न येत नाही, आणि दोन्ही यूएसबी-सी पोर्ट मोकळे राहतात.

मोजपट्टी
हे महत्त्वाचं आहे. जुन्यासोबत हब कायम पिशवीत असायचा, नव्यासोबत बहुतेक वेळा लागणार नाही. हब आणि त्याची केबल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ३२० ग्रॅममधून ते वजा करा, मग खरा फरक कळेल.

खिडकीजवळ
पुठ्ठ्यांचा निकाल: १५.३ पिशवीत जातो, पण चेन लावताना वरचा कोपरा दबतो. १३.६ सपाट बसतो आणि शेजारी वही मावते. १३.६, १६ जीबी ठरलं. मॉनिटर पुढे.

शेवटचा प्रश्न: जुनं यंत्र कोणाला द्यायचं झालं तर कसं पुसायचं, आणि ठेवायचं झालं तर कसं?

अधोरेखित
२०१७ च्या १२ इंचीत ॲपलची टी२ सुरक्षा चिप नाही, म्हणून सेटिंगमधून एका बटणावर सगळं पुसण्याची सोय त्यात मिळणार नाही. एसएसडीवर नुसतं पुसल्याने जुने तुकडे राहू शकतात. फाइलव्हॉल्ट (डिस्क कूटबद्ध करणारी मॅकची सोय) कधीच चालू नसेल तर आधी तो चालू करा आणि कूटबद्धीकरण शंभर टक्के होईपर्यंत चार्जरवर ठेवा. मग आयक्लाउडमधून साइन आउट करा, नाहीतर दिलेलं यंत्र तुमच्या खात्याला जोडलेलंच राहील. त्यानंतर कमांड आणि आर दाबून चालू करा, डिस्क युटिलिटीत सगळी उपकरणं दाखवा असं निवडा, सगळ्यात वरची डिस्क एपीएफएस (फॉरमॅट) आणि जीयूआयडी (स्कीम) निवडून पुसा, मॅकओएस नव्याने बसवा. स्वागताचा पडदा आला की तिथेच बंद करा.

हे सगळं नव्यावर निदान दोन आठवडे काम केल्यावर. हुकलेली फाइल पहिल्या दिवशी कधीच आठवत नाही.

ठेवायचं असेल तर बॅटरी ५० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा, ३२ अंशांपेक्षा गार आणि कोरड्या जागी ठेवा, दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत भरा. त्या वेळी काचेवर ठेवून डुलतं का तेही बघा.